बापाच्या मापाची बॅट

मी बॅट बोलतेय. गोड बोलायची मला सवय नाही, हे आधीच सांगून ठेवते. ज्यांनी ज्यांनी मला हातात धरलं त्यांतल्या बहुतेकांनी मला शिव्याच दिल्या, आणि मीही त्यांच्यावर जीव टाकला असं काही नाही. तरी घडलं तसं सांगते, मीठमसाला न लावता.

माझा जन्म लिबोरिओ मिस्त्रीच्या पत्र्याच्या शेडमध्ये झाला. साखर कारखान्याच्या मागच्या अंगाला, ऊसगाडीचे रूळ ओलांडले की ती शेड. गळीत हंगामात तिथे मळीचा वास इतका दाटायचा की लाकडाच्या भुशालाही गोडसर वास यायचा. माझं लाकूड मात्र या उष्ण बेटावरचं नव्हे. थंड मुलखातल्या ॲश नावाच्या झाडाचं, बोटीतून आलेलं. माझ्याबरोबरच्या फळ्या हलक्या निघाल्या, मी निघाले भरीव. लिबोरिओनं बोटाच्या पेरानं मला ठोकून पाहिलं आणि स्वतःशीच म्हणाला, "ही हट्टी आहे."

लेथवर चढवून त्यानं मला कातलं ते फाकुंदोसाठी. फाकुंदो म्हणजे कारखान्याच्या बेसबॉल संघाचा पहिलवान गडी, दंड असे की उसाच्या मोळ्या बांधल्यात जणू. त्याच्या मापानं मी चौतीस इंच लांब झाले आणि वजनाला किलोला जेमतेम कमी. पण मी तयार होईपर्यंत फाकुंदोला न्यूयॉर्कचा व्हिसा मिळाला. गेला तो गेलाच. बॅट न्यायला आला नाही.

मग दोन वर्षं मी भिंतीला टेकून उभी राहिले. शेजारी हलक्या बॅटी यायच्या, आठवडाभर थांबायच्या, कोणीतरी हसत हसत त्यांना घेऊन जायचं. मला पोरं उचलायची आणि लगेच खाली ठेवायची. "ही बॅट नाही, खांब आहे," म्हणायची. दोन वर्षं असं ऐकलं की कोणाचाही स्वभाव कडवट होतो. माझा झाला.

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी मिलेदिस तिच्या मुलाला, दारियोला घेऊन आली. मिलेदिस कारखान्याच्या फाटकासमोर यानिकेके तळून विकायची. मैद्याच्या मोठाल्या, कुरकुरीत पुऱ्या, कढईतून काढल्या काढल्या हातात देणार. तिच्या बाहीलाही तेलाचा वास होता. दारियो अकरा वर्षांचा, काटकुळा, पण त्याची नजर चपळ होती. शेडमध्ये शिरल्या शिरल्या त्यानं सगळ्या बॅटी एका दमात पाहून घेतल्या.

"मिस्त्री, पोराला बॅट पाहिजे," मिलेदिस म्हणाली. "आतापर्यंत झाडूच्या दांड्यानं खेळला. आता नांदोनं संघात घेतलंय."

"नवरा कुठाय तुझा?"

"बाहेर उभाय. तुमच्या शेडमध्ये पाय ठेवणार नाही म्हणतो."

"मग पैसे कोणाचे?"

"माझे. यानिकेके मी तळते, तो नाही तळत."

लिबोरिओ हसला नाही. बाहेर रुळांच्या पलीकडे बासिलियो पाठ करून उभा होता, हे त्यानं आधीच पाहिलं होतं.

या दोघांमधलं वैर पंधरा वर्षांचं. शेडमध्ये येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या तोंडून मी ते तुकड्यातुकड्यांनी ऐकलं होतं. बासिलियो तरुणपणी कारखान्याच्या संघाचा कॅचर, म्हणजे फेकलेला बॉल झेलणारा होता, आणि लिबोरिओ तेव्हा संघ सांभाळायचा. परदेशी संघाचा माणूस पोरं हेरायला आला, त्याला बासिलियो आवडला. करार झाला, बासिलियो त्यांच्या छावणीत राहायला गेला. दोन महिन्यांनी तो माणूस परत आला आणि त्यानं लिबोरिओला सरळ विचारलं, "ह्या मुलाचं वय खरंच अठरा आहे का?" बासिलियो होता एकवीसचा. धाकट्या भावाच्या जन्मदाखल्यावर गेला होता. लिबोरिओची मुलगी आणि बासिलियो एकाच आठवड्यात जन्मलेले, एकाच दिवशी चर्चमध्ये नाव ठेवलेले. लिबोरिओ म्हणाला, "एकवीस."

त्या एका शब्दानं बासिलियो घरी आला. तेव्हापासून कारखान्याची ऊसगाडी चालवतो.

वस्तीत हे सगळ्यांना ठाऊक होतं. दारियोला तेवढं ठाऊक नव्हतं. आमच्याकडची माणसं तोंडाळ, पण पोरासमोर बापाची अशी गोष्ट काढायची नाही एवढी लाज सगळ्यांनी राखली होती. बासिलियोनं पोराला वेगळंच सांगितलं होतं. "माझी बॅट हलकी होती. ताकद कमी पडली म्हणून मला परत पाठवलं." हे त्यानं इतक्या वेळा सांगितलं होतं की आता त्याचाच त्यावर विश्वास बसला होता.

लिबोरिओनं एक हलकी बॅट काढून दारियोच्या हातात दिली. "एका हातानं धर. हात सरळ पुढे. आता वीसपर्यंत मोज, घाई न करता."

दारियोनं मोजलं. हात हलला नाही.

"ही तुझी," लिबोरिओ म्हणाला.

"ती काठी आहे," दारातून आवाज आला. बासिलियो आत आला होता. शपथ मोडली ती बहुधा राग आवरला नाही म्हणून. "आंबे पाडायला बरी." त्यानं भिंतीकडे पाहिलं आणि माझ्याकडे बोट दाखवलं. "ती दे."

"ती फाकुंदोची. गड्याची बॅट आहे."

"मला पोराचा गडीच करायचाय."

"बासिलियो," मिलेदिस म्हणाली, "पोराला विचार."

"पोराला काय कळतंय?"

लिबोरिओनं मला उचलून दारियोच्या हातात ठेवलं. बोलण्यापेक्षा दाखवलेलं बरं असं त्याला वाटलं असावं. दारियोनं हात पुढे केला. सातला माझं टोक थरथरायला लागलं. अकराला ते जमिनीला टेकलं. पोराचे कान लाल झाले.

"बघितलंस?" लिबोरिओ म्हणाला. "वजनानं ताकद येत नसते. बॅट उशिरा येते, खांदा पडतो, मनगट जातं. खरं सांगतोय तुला."

"खरं सांगायची तुला पहिल्यापासून फार हौस."

 लेथचा पट्टा तेवढा रिकामा फिरत होता. मिलेदिसनं डोळे मिटून घेतले. दारियो आईकडे बघत होता, बापाकडे बघत होता, आणि त्याला काहीच कळत नव्हतं.

"मी हे वैर म्हणून बोलत नाहीये," लिबोरिओ हळू म्हणाला.

"तू चांगलं कधी बोललास माझ्याबद्दल? माझा पोरगा तुझ्या सांगण्यावरून खेळणार नाही." बासिलियोनं मला मुठीत धरलं, पैसे स्वतःच्या खिशातून काढून लेथवर ठेवले आणि बाहेर पडला.

मला दोन वर्षांनी कोणीतरी विकत घेतलं होतं. आनंद व्हायला हवा होता. पण लिबोरिओचं म्हणणं खरं होतं हे मला ठाऊक होतं. कितीला माझं टोक टेकलं ते मीही मोजलं होतं.

त्यानंतरचे दिवस सांगायला फारसे बरे नाहीत. पहाटे कामावर जायच्या आधी बासिलियो पोराला अंगणात उभा करायचा. सुक्या मक्याचे दाणे एकेक करून फेकायचा आणि दारियोनं ते माझ्यानं टोलवायचे. मक्याचा दाणा हलका, माझ्याहून कितीतरी चपळ. दहांतला एखादा लागायचा. "खांदा वर. पुन्हा. कंबर फिरव. पुन्हा." शेजारच्या कोंबड्या खाली पडलेले दाणे टिपायच्या. त्या घरात माझ्यावर खूश असलेल्या तेवढ्याच.

मैदानावर तर धिंडवडेच. दारियो मला खांद्यावर घेऊन उभा राहायचा, पिचर बॉल फेकायचा, आणि मी निम्म्या वाटेवर असतानाच बॉल कॅचरच्या हातमोज्यात जाऊन बसायचा.

"बाळा," पोरांना शिकवणारा नांदो मैदानाच्या कडेनं ओरडायचा, "बॉल गेला, त्यानं झेलला, परतसुद्धा दिला. आता कशावर फिरवतोयस?"

पोरं हसायची. "दारियो, त्या खांबाला वीज जोडलीय का रे?" एकजण म्हणायचा. दुसरा म्हणायचा, "दोघं मिळून धरा, मी एक बाजू उचलतो."

दारियो पोरांशी भांडला नाही. त्यानं सगळा राग माझ्यावर काढला. मला गाढवीण म्हणायचा. मुंग्यांच्या वारुळावर टाकून जायचा. घरी जाताना रस्त्यावरून फरफटत न्यायचा. एकदा तर ओढ्याकाठच्या वाळूत हातभर खड्डा करून त्यानं मला पुरलं. दोन दिवस मी वाळूखाली होते. तिसऱ्या दिवशी बासिलियोनं शोधून काढलं. कोणी पुरलं हे त्यानं विचारलं नाही. मला पुसलं, पोराच्या हातात दिलं आणि म्हणाला, "शंभर."

त्या दिवशी शंभर वेळा मला फिरवताना दारियो रडला नाही. पण साठनंतर त्याच्या उजव्या मनगटातून बारीक कटकट ऐकू यायला लागली. मला ती मुठीतून जाणवायची. मी लाकूड आहे. लाकूड तडकण्याआधी कसं बोलतं ते मला चांगलं कळतं.

आठवड्याभरात मनगट सुजलं. जेवताना दारियो डाव्या हातानं घास घेतोय हे मिलेदिसच्या लक्षात आलं. तिनं त्याचा हात ओढून दिव्याखाली धरला. मग मिठाचं पाणी गरम करायला ठेवलं.

"मलाही दुखायचं त्या वयात," बासिलियो ताटातली उकडलेली केळी चिवडत म्हणाला.

"आणि कुठं पोचलास?"

बासिलियोनं ताट सरकवलं आणि उठून गेला. बाहेर ऊसगाडीचं इंजिन सुरू झाल्याचा आवाज आला. हंगामाचे शेवटचे आठवडे होते, तो दोन दोन पाळ्या करत होता. त्यानंतर घरी तो फक्त झोपायला यायचा. पहाटेचे मक्याचे दाणे थांबले.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर दारियो मला घेऊन लिबोरिओच्या शेडमध्ये गेला. एकटाच.

"हिला कापा," तो म्हणाला.

लिबोरिओनं चष्मा कपाळावर ढकलला. सुजलेलं मनगट पाहिलं. बराच वेळ पाहिलं. "बापाला सांगून आलास?"

"नाही."

"मग घरी जा."

"तुम्हीच म्हणाला होतात मनगट जातं म्हणून."

"म्हणालो होतो. तुझ्या बापाच्या वस्तूला मी हात लावणार नाही. एकदा त्याच्या बाबतीत तोंड उघडलं, ते पंधरा वर्षं फेडतोय. जा."

दारियो हलला नाही. मला म्हातारा आवडायचा नाही. त्यानंच मला दोन वर्षं भिंतीला उभी केली होती. पण त्या दिवशी त्याच्या आवाजात जे होतं, ते कठोरपण नव्हतं. तो घाबरला होता.

दारियो गेला आणि तासाभरात आईला घेऊन परत आला. मिलेदिसच्या कमरेला अजून पीठ लागलेला फडका होता. तिनं मला पोराच्या हातून घेतलं आणि लेथवर आडवं ठेवलं.

"कापा."

"मिलेदिस, तो मला..."

"तुमच्यावर नाही येणार. मी सांगितलं म्हणून सांगा. कापता, की मी घरी जाऊन कोयत्यानं कापू?"

लिबोरिओनं लेथ सुरू केला.

पहिल्यांदा जन्म घेताना दुखलं होतं की नाही, मला आठवत नाही. दुसऱ्यांदा मात्र दुखलं. त्यानं माझ्या जाड टोकाकडून तीन इंच उतरवले. मग पटाशी लावून पोट सोलत गेला, साल उतरावी तशा लांब लांब पापड्या निघाल्या. टोक आतून खोलगट कोरलं. मधे मधे मशीन थांबवून दारियोच्या हातात द्यायचा, पोराच्या तोंडाकडे बघायचा, पुन्हा चढवायचा. शेवटी काचकागदानं घासून मला खाली ठेवलं तेव्हा माझं पाव किलोहून जास्त अंग जमिनीवर भुशात पडलं होतं.

फाकुंदोसाठी घडलेली मी, आता एका अकरा वर्षांच्या पोराच्या मापाची झाले होते. अपमानच म्हणायचा. पण मनगटाची सूज उतरल्यावर दारियोनं पहिल्यांदा मला फिरवलं, आणि मी वेळेवर पोचले. बॉल माझ्या अंगाच्या बरोबर मध्यावर बसला. ठक्क. तो आवाज माझाच होता हे मला क्षणभर पटेना.

वैतागलेल्या माणसाला कोणी चांगलं म्हटलं की तो आणखी वैतागतो. माझं तसंच झालं. मी दारियोवर खूश झाले नाही. पण त्याच्या हातात जायची वाट मात्र बघायला लागले.

हंगाम संपत आला असताना एका रविवारी सामना होता, पलीकडच्या कारखान्याच्या पोरांशी. राजधानीतून एक पाहुणा आला होता, बारा वर्षांपर्यंतची पोरं बघायला. त्याच्या मांडीवर वही होती. मैदानाभोवती वस्ती लोटली होती. मिलेदिसनं कढई तिथेच मांडली होती. लिबोरिओ तारेच्या कुंपणाला लागून एका खोक्यावर बसला होता.

दुसऱ्याच डावात दारियोनं मला फिरवलं आणि बॉल डावीकडच्या पोराच्या डोक्यावरून गेला. दारियो धावत दुसऱ्या बेसवर पोचला. पोरं टाळ्या वाजवायला लागली. कोणाच्या तोंडी खांब नव्हता.

नेमका तेव्हाच बासिलियो आला. पाळी संपवून, अंगावर उसाची कुसं तशीच. पोराचा फटका त्यानं डोळ्यांनी पाहिला होता. त्याचं तोंड असं उजळलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

"बघितलंत?" तो कुंपणाजवळच्या माणसांना सांगत सुटला. "सगळे म्हणत होते, जड आहे, जड आहे. मी ऐकलं नाही. जड बॅटीनं मेहनत घेतली की हे असं होतं. मला कोणी अशी बॅट दिली असती ना, तर..."

माणसं पायाखाली बघायला लागली. मिलेदिसनं कढईतला झारा काढून बाजूला ठेवला. बासिलियोला वाटलं, सगळ्यांना आपला हेवा वाटतोय. डाव संपून दारियो संघाच्या बाकावर परतला तसा तो तिकडे गेला, पोराच्या पाठीवर थाप मारली आणि कौतुकानं मला उचललं.

मी फार सहज वर आले.

त्यानं मला एका हातातून दुसऱ्या हातात घेतलं. माझ्या कापलेल्या टोकावरून अंगठा फिरवला. हसू तोंडावर होतं तसंच राहिलं, पण त्यातला जीव गेला.

"कोणी केलं हे?"

दारियोनं कुंपणाकडे पाहिलं. बोलायची गरजही नव्हती. या वस्तीत लेथ एकच.

बासिलियो मला घेऊन कुंपणाकडे निघाला. खेळ आपोआप थांबला. लिबोरिओ खोक्यावरून उठून उभा राहिला.

"दुसऱ्यांदा कापलंस मला," बासिलियो म्हणाला.

"तुला नाही. लाकूड कापलं."

"माझ्या पाठीमागे."

"पहिल्यांदा पाठीमागे नव्हतं. तुझ्या तोंडावर सांगितलं होतं, वय खोटं लावू नकोस. ऐकलं नाहीस."

"मिस्त्रींना मी सांगितलं कापायला," मिलेदिस मधे आली. "त्यांनी नाही म्हटलं होतं. काय बोलायचंय ते माझ्याशी बोल."

पण दारियो बाकावरून चालत आला होता आणि त्याच्या कानात एकच शब्द अडकला होता. "कसलं वय?"

 बासिलियोच्या मुठीची पकड माझ्यावर आवळत गेली.

"सांग त्याला," मिलेदिस म्हणाली. "नाहीतर मी सांगते."

बासिलियोनं नवऱ्यासारखं तिच्याकडे पाहिलं नाही, बापासारखं पोराकडे पाहिलं नाही. त्यानं मला दोन्ही हातांनी धरलं आणि कुंपणाच्या लोखंडी खांबावर हाणलं. एकदा. पुन्हा एकदा. दुसऱ्या घावाला मी मुठीपासून मधल्या अंगापर्यंत उभी चिरले. मला तोडायला एवढी ताकद लागली नसती. सोललेलं अंग होतं माझं. त्यानं सगळी लावली.

मग मिलेदिस बोलली. आवाज न चढवता, गिऱ्हाइकाला भाव सांगावा तशी. "तुझ्या बापानं काकाच्या दाखल्यावर सही केली होती. एकवीसचा होता, अठरा सांगितलं. म्हणून परत पाठवलं. बॅटीचा काही संबंध नव्हता."

दारियोनं हे ऐकून घेतलं. खाली पडलेल्या माझ्याकडे पाहिलं. मग बापाकडे पाहिलं आणि विचारलं, "मग मला ती जड बॅट कशाला दिलीत?"

मी अजून त्या प्रश्नाचं उत्तर ऐकलेलं नाही.  बासिलियो वळला आणि रस्त्याला लागला. कुंपणाजवळची माणसं त्याला वाट द्यायला बाजूला झाली.

सामना पुढे झाला. दारियो दुसऱ्याची बॅट घेऊन उभा राहिला आणि तिन्ही वेळा बाद झाला. पाहुण्यानं वही मिटली. तिच्यात दारियोचं नाव होतं की नव्हतं, कोणाला कळलं नाही.

मिलेदिसनं मला घरी नेलं आणि दाराशी उभं केलं, येता-जाता दिसेल असं. फेकायचं म्हणून कोणी उचललंही नाही. तीन आठवडे त्या घरात तिघंजण माझ्याजवळून ये-जा करत होते. बासिलियो काही विचारायचा, दारियो आईला उत्तर द्यायचा. "आई, त्यांना सांग, मी जेवलोय." "आई, त्यांना सांग, साबण संपलाय." मिलेदिस निरोप पोचवायची नाही. "ऐकलंय त्यानं," एवढंच म्हणायची.

हंगाम संपला. कारखान्याचा भोंगा थांबला. एका सकाळी बासिलियोनं मला उचललं आणि रूळ ओलांडून शेडकडे निघाला. दारात आला आणि तिथेच थांबला, उंबऱ्याबाहेर.

लिबोरिओनं माझ्याकडे पाहिलं. "ही जोडता येत नाही."

"जोडायला आणली नाही." बासिलियोनं मला दाराच्या आत टाकलं.  "पोरासाठी बॅट पाहिजे."

"पोरगा कुठाय?"

"घरी."

"मग घेऊन ये. बापाच्या मापाची बॅट मी आता विकत नाही."

मला वाटलं, आता हा म्हाताऱ्याला मारणार. लिबोरिओलाही वाटलं असावं, कारण त्यानं पटाशी हातातून खाली ठेवली. बासिलियो जागचा हलला नाही.  माफी नाही, शिवी नाही. तो वळला आणि गेला.

दुसऱ्या दिवशी दारियो आला. बासिलियो त्याच्यामागून आला आणि रुळांपलीकडे, नेहमीच्या जागी पाठ करून उभा राहिला. लिबोरिओनं पोराला काही सांगितलं नाही, काही दाखवलं नाही. लेथवर आपलं काम करत राहिला. दारियोनं एकेक बॅट उचलली, फिरवली, परत ठेवली. पाच ठेवल्या. सहावी फिरवून तो थांबला.

"ही."

"का?"

"हातात आहे ते विसरायला होतं."

लिबोरिओनं मान हलवली. मी कोपऱ्यातल्या तुकड्यांच्या ढिगात पडून बघत होते, आणि खरं सांगते, त्या सहावीचा मला इतका मत्सर वाटला की चिरलेल्या अंगाची आग त्यापुढे काहीच नव्हती.

दारियो बाहेर पडला तेव्हा बासिलियो वळला. त्यानं वजन बघायला म्हणून हात पुढे केला. बापाचा हात, सवयीचा.

"नको," दारियो म्हणाला. "माझी आहे."

तीन आठवड्यांत बापाशी बोललेले ते त्याचे पहिले शब्द. तो पुढे चालायला लागला. बासिलियोनं हात मागे घेतला, खिशात घातला, आणि दहा पावलांचं अंतर ठेवून त्याच्यामागे निघाला. पोरानं मागे वळून पाहिलं नाही. पण वाट बदलली नाही, आणि भरभर चालून अंतरही वाढवलं नाही.

तेवढंच मला दिसलं. पुढे रुळांचं वळण आहे.

आता माझं म्हणाल तर मी या ढिगात आहे. लिबोरिओची बायको दर शुक्रवारी इथून चुलीसाठी लाकडं नेते. गेल्या शुक्रवारी तिनं मला उचलून पाहिलं आणि पुढच्या खेपेला म्हणून वर काढून ठेवलं. माझी कीव करू नका, ती मला आवडत नाही. एवढंच करा: पोराला घेऊन दुकानात जाल तेव्हा त्याच्या हाताकडे बघा. तुमचा हात खिशात ठेवा.

उद्या शुक्रवार. लिबोरिओच्या घरातून घेवड्याचे दाणे भिजत घातल्याचा आवाज आत्ताच आला. ते शिजायला तास-दोन तास लागतात. मला कापलं, सोललं, फोडलं, तरी लाकूड भरीव आहे. मी पुरेन.